दुसरा दगड

शहादा
सोमवार, १९ जानेवारी १९५९

प्रिय चुनी,

अनीसचा सलाम.

धनुबाई काल सकाळी वारली. ही बाजारातली ऐकीव बातमी नाही. तिचा नवरा वाहरू आज तोरणमाळहून उतरून आमच्या कारखान्यात आला होता, त्यानेच सांगितलं. तुला नाव माहीत नसेल म्हणून लिहितो. उताराच्या पायथ्याशी गवत कापत होती, तीच बाई. आपण तिथे होतो तोवर तिचं नाव कोणी विचारलं नव्हतं. मलाही आजच कळलं.

आठ दिवस जखम सुकल्यासारखी वाटत होती म्हणाला. बाई चुलीपाशी बसून भाकरीही करत होती. मग गुडघ्याखाली पाय काळा पडत गेला, ताप चढला आणि तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. त्याने हे सगळं दारात उकिडवं बसून सांगितलं आणि दोन तांबे पाणी प्याला. अब्बांनी विचारलं, डॉक्टर आला होता का? त्याने मान हलवली. मी म्हटलं, आला असेल, तू रानात गेला असशील. त्याने पुन्हा मान हलवली.

चुनी, तू डॉक्टरला निरोप दिला होतास ना? मला कारखान्यापाशी उतरवलंस तेव्हा जीप दवाखान्याच्या रस्त्याला वळताना मी पाहिली. रविवार होता, दवाखाना बंद असेल. दुसऱ्या दिवशी तरी सांगितलं असशील. उलटटपाली कळव, म्हणजे निरोप कुठे अडला ते मला वाहरूला सांगता येईल. तिला उचलून खाली आणू या, असं मी तेव्हा म्हणालो होतो. घाट पायी उतरायला दोन तास, पुढे म्हसावदपर्यंत जीपचे हिसके, त्यापेक्षा डॉक्टरच वर आलेला बरा, हे तुझं म्हणणं मला पटलं. पटलं, म्हणजे ते माझंही झालं.

जखमेला बांधलेला तुझा मफलर अजून त्यांच्या घरी आहे. वाहरूच्या सुनेने धुऊन ठेवलाय.

गोष्ट फौजदारापर्यंत गेली आहे. तू काळजी करू नकोस. फळीवर मी होतो, असंच मी सांगणार, घाटात ठरलं तसं. जर्मनीला जायचा पासपोर्ट हातात यायला महिना उरलेला आणि त्यात हे. तुला दगडावर बसून रडताना मी पाहिलंय. चौथीत हेडमास्तरांनी बाकावर उभं केलं तेव्हाही तू रडला नव्हतास. अमीन बंधूंनाही सांगून ठेव. चौघांची गोष्ट एकच असली पाहिजे.

धनुबाईच्या दिवसांना तू आलास तर बरं दिसेल. बडोद्याहून भुसावळ गाडीने नंदुरबारला उतर, मी न्यायला येतो.

तुझा
अनीस


शहादा
शुक्रवार, २७ फेब्रुवारी १९५९

प्रिय चुनी,

तुझं पत्र नाही. परीक्षा असेल.

माझा जबाब झाला. त्यात काय आहे ते तुला माहीत असावं म्हणून लिहितो, कोणी बडोद्याला विचारायला आलं तर तुझ्या बोलण्यात फरक नको.

फौजदार म्हणाले, असली फळी केलीस कशाला? मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. चुनीलाल बन्सीलाल पाटील, राहणार ब्राह्मणपुरी, माझा मराठी शाळेपासूनचा दोस्त. तो बडोद्याला इंजिनिअरिंग शिकतो. कॉलेजातल्या अमीन बंधूंबरोबर तो दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन आला आणि पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला शिकला. नाताळाच्या सुट्टीत ते दोघे भाऊ पट्ट्यांसकट ब्राह्मणपुरीला आले. आपल्याकडे बर्फ नाही, पण तोरणमाळला पौषात गवतावर दहिवर गोठतं आणि तळ्याच्या वरचा उतार नऊ वाजेपर्यंत सावलीत असतो. तिथे जाऊन बघू, असं ठरलं. फौजदारांना हसू आलं. ते म्हणाले, गवतावर?

पट्ट्यांचे दोनच जोड होते. चुनीलाल आणि अमीन भाऊ आलटून पालटून वापरणार होते. मी मिस्तरी माणूस, मला कोण देणार? म्हणून मी माझ्यासाठी एकच रुंद फळी केली. चार फूट सागवान, पुढचं टोक वळवलेलं, वर बैलाच्या जोत्याच्या कातड्याचे दोन पट्टे, दोन्ही पाय आडवे ठेवायला.

घाटाखाली जीपमधून फळी काढली तेव्हा तू काय म्हणालास ते मी जबाबात सांगितलं नाही. "अनीस, हाई काय काठवट लई उना?" अमीन बंधूंना अहिराणी येत नाही, तर तू त्यांना गुजरातीत समजावून सांगितलंस की भाकरीचं पीठ मळायच्या भांड्याला काठवट म्हणतात. मग ते हसले. घाट चढताना धाकटा अमीन दर वळणाला विचारत होता, भाकरी झाली का? मीही हसलो. दोन तास हसलो.

वर गेल्यावर काय झालं ते आपल्या चौघांना माहीत आहे. तुमच्या पट्ट्या गवतात रुतायच्या. पंधरा पावलं गेलं की थांबायच्या. मेणबत्ती घासून झाली, खोबरेल लावून झालं. माझी फळी पहिल्याच खेपेला तळ्याजवळच्या खडकापर्यंत गेली. थोरला अमीन तोंड उघडं टाकून बघत होता. चार वेळा गेलो मी. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.

मग पाचवी खेप. जबाबात ती माझी आहे.

परवा बन्सीकाका कारखान्यात आले होते. आल्या आल्या अब्बांना म्हणाले, सलाउद्दीनभाई, तुमच्या पोराने दोस्ती राखली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मन्हा घरनाच पोऱ्या शे. चुनी परदेश जाई ऱ्हायना. तुन्हं काय जास, सांग?" मी म्हटलं, काही नाही काका. खटला उभाच राहणार नाही, राहिला तर वकील आपला, असं ते बोलून गेले. अब्बा त्यानंतर दिवसभर रंधा मारत राहिले.

आणखी एक. मी दवाखान्यात जाऊन आलो. कंपाउंडर म्हणाला, तोरणमाळचा निरोप आलाच नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही, नंतरही नाही.

जीप दवाखान्याकडे का वळली होती, चुनी? तिकडूनच ब्राह्मणपुरीचा रस्ता फुटतो, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

अनीस


जिल्हा तुरुंग, धुळे
रविवार, ४ ऑक्टोबर १९५९

श्री. चुनीलाल बन्सीलाल पाटील यांस,

सलाम. हे पत्र आधी इथले साहेब वाचतात आणि मग शिक्का मारतात. त्यामुळे खुशालीपुरतं लिहितो.

माझ्या निष्काळजीपणाने एका बाईचा जीव गेला, असं निकालात म्हटलं आहे. आठ महिने सक्तमजुरी झाली, त्यातले तीन संपले. वकील आपलाच होता. तो दोनदा उभा राहिला आणि दोनदा खाली बसला.

खटल्यात वाहरूची साक्ष झाली. तो त्यांच्या पावरी बोलीत बोलला आणि एकाने त्याचं मराठी करून सांगितलं. त्याला फळी दाखवली, हीच का? तो म्हणाला, हीच. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, हा माणूस तिथे होता का? वाहरू म्हणाला, होता ना, हाही होता. कारकुनाने लिहिलं, होता. वाहरू आणखी काही सांगायला तोंड उघडून उभा होता, पण त्याला बसायला सांगितलं. मला पावरी बाजारापुरती समजते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. जे झालं ते सांगतो आहे.

इथे मला सुतारकामाला लावलं आहे. शाळांसाठी पाट आणि तिवया करतो. लोखंडी खिळा-पट्टी हाताला लागू देत नाहीत, सगळं खाचा आणि खुंट्यांवर. चांगलं काम होतं. लोखंडाशिवायही लाकूड टिकतं, हे मला पूर्वी कोणी पटवून दिलं असतं तर बरं झालं असतं.

अम्मा गेल्या महिन्यात भेटायला आली होती. तिने सांगितलं, तुमचं जर्मनीचं फोटोचं कार्ड घरी आलं आहे. अम्माला मराठी वाचता येत नाही, पण फोटो तिने नीट पाहिला. ती म्हणाली, पांढऱ्या डोंगरावर चुनीलाल उभा आहे, पायात लांब पट्ट्या आहेत आणि तो हसतो आहे. मागचा मजकूर तिने शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला आणि पाठ करून आली. "इथे खरा बर्फ आहे. एका फळीवर मात्र कोणीच जात नाही. तुझी आठवण येते."

आठवण ठेवल्याबद्दल आभारी आहे.

भेटीच्या शेवटी अम्माने एक गोष्ट विचारली. शिपाई शेजारी उभा होता म्हणून ती हळू बोलली. "लोहा किसने ठोका था, बेटा?" मी म्हटलं, मैंने. तुम्हाला याचा अर्थ लागणार नाही. तुम्ही तो लावायचा प्रयत्नही करू नका.

आपला
अनीस सलाउद्दीन


शहादा
रविवार, १२ जून १९६०

चुनीलाल,

मला सुटून तीन महिने झाले. मी आत असतानाच मुंबई राज्य मोडायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि आता ते मोडलंही. तुझं बडोदं दुसऱ्या राज्यात गेलं. बन्सीकाका म्हणतात, पोरगा परदेशात असताना कॉलेजही परदेशात गेलं. ते आता माझ्याशी रस्त्यात एवढंच बोलतात, असल्या गमती. कारखान्यात येत नाहीत. ब्राह्मणपुरीची एकही बैलगाडी माझ्या हाताखाली येत नाही. कोणी सरळ नाही म्हणत नाही. अब्बांना म्हणतात, मिस्तरी, तुम्ही स्वतः करणार असाल तर आणतो. बाया पोरांना माझ्या दारापुढून ओढून नेतात. फळीवरून बाई मारणारा, हे माझं नाव झालं आहे. काठवटवाला त्यापेक्षा बरं होतं.

हे तुला लिहायचं नव्हतं. परवा वाहरू आला, म्हणून लिहितो.

खटल्यानंतर तो पहिल्यांदाच डोंगर उतरला. घाटाखालून बैलगाडीत मोहाच्या झाडाचं एक खोड घालून घेऊन आला. त्याच्याच शेतातलं, वादळात पडलेलं, सात फूट लांब. म्हणाला, याचा खांब करून दे. त्यांच्या पाड्यावर अपघाताने गेलेल्या माणसाचा खांब रोवतात, जिथे तो पडला तिथेच. वर सूर्य, चंद्र आणि त्या माणसाच्या हातात असायची ती वस्तू कोरतात. धनुबाईसाठी विळा. मी म्हटलं, माझ्याकडूनच का? त्याने मला वेड्यासारखं पाहिलं. शहाद्यात तूच तर चांगला मिस्तरी आहेस, म्हणाला.

मी खोड रंध्याला लावायची तयारी करत होतो, तो भिंतीकडे बघत बसला होता. फळीजवळ तुझं कार्ड अम्माने खिळ्याला लावून ठेवलं आहे. कोर्टाने फळी मला परत दिली आणि मी ती फेकू शकलो नाही. वाहरूने कार्ड काढलं, उजेडात धरलं. आधी त्याने विचारलं, हे मीठ आहे का? मी म्हटलं, बर्फ. मग त्याने तुझ्या तोंडावर नख ठेवलं.

"हाऊच," तो म्हणाला. बाजारातली त्याची अहिराणी मोडकी आहे, पण एवढी पुरते. "हाऊ व्हता. तू नही व्हता."

फळी खाली काढून त्याने कातडी पट्ट्यांखालची भोकं मोजली. भोकांच्या दोन रांगा आहेत. पहिली माझ्या पायाच्या मापाची. दुसरी दोन बोटं मागे, कारण तुझा पाय मोठा होता आणि मी तिथेच गवतात बसून दगडाने खिळे पुन्हा ठोकले होते. कोर्टात ही फळी तीन तारखा टेबलावर पडून होती. ती उचलून पाहायचं कोणाच्या मनात आलं नाही.

त्याने मला खांबाची रीत सांगितली, ती तुला सांगतो. ज्याच्या हातून माणूस गेलं, त्याने खांबाच्या बुडाशी पहिला दगड बसवायचा. मग घरच्यांनी माती लोटायची आणि सगळ्यांनी बरोबर बसून जेवायचं. तिथे ते प्रकरण मिटतं. पुढे कोणी कोणाचं नाव काढत नाही. पहिला दगड दुसऱ्याच कोणी बसवला तर खांब धरत नाही. आणि खांब उभा नाही तोवर वाहरूच्या घरात लग्न नाही, नवं छप्पर नाही, धाकट्या मुलाची सोयरीक दीड वर्ष अडून आहे. बाई अजून उतारावरच आहे, असं ते धरतात.

मी विचार केला, दगडच बसवायचा आहे ना? सरकारने मला गुन्हेगार ठरवलं आहे, मी शिक्षा भोगली आहे, शिक्क्याचा कागद आहे. म्हणून वाहरूबरोबर वर गेलो. खड्डा तयार होता. मी दगड निवडला, ठेवला, कागदही खिशात होता. वाहरूने माझ्याकडे पाहिलं, वाकला, दगड उचलला आणि बाजूच्या गवतात टाकला. रागाने नाही. भाजी निवडताना खडा टाकावा तसा.

"त्याले लई ये," म्हणाला, म्हणजे मी तुला घेऊन जायचं. "मी वाट देखस."

आपल्याला वाटतं, जबाब दिला, सही केली, कैद भोगली की गोष्ट मिटली. तू तेच समजून गेलास, मीही तेच समजून आत गेलो. त्या डोंगरावर त्याची काही किंमत नाही. तिथे दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणाऱ्याला कोणी दोस्त म्हणत नाही. तो मधे आला, एवढंच म्हणतात.

तू ये. कोर्ट संपलं आहे, तुझा पासपोर्ट कोणी काढून घेणार नाही. एक दगड बसवायचा आहे आणि भगर-भाजी खायची आहे. येऊन जायला किती दिवस लागतील ते कळव, तोवर मी खांब कोरून ठेवतो.

अनीस


शहादा
रविवार, ६ मे १९६२

चुनी,

तू शुक्रवारी संध्याकाळी ब्राह्मणपुरीला पोहोचलास. प्रमिलाकाकींनी सांगितलं. तुझ्या बहिणीच्या, रंजनाच्या लग्नाचे चौरंग न्यायला त्या स्वतः आल्या होत्या. तुझी आई एकटीच अशी आहे की जिने आमच्याकडून काम घेणं सोडलं नाही. त्या म्हणाल्या, चुनी वाळलाय, तिकडे त्याला भाकरी मिळत नाही. मी म्हटलं, काकी, आता काठवट भरून द्या. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, त्यांच्याच हातात देतो. मागच्या पत्रांची उत्तरं आली नाहीत त्याला पोस्ट जबाबदार होतं, असं धरून चालू.

तुला उत्तर द्यायला आता काही लागत नाही. फक्त वाच. हे पत्र माझ्याबद्दल आहे. यापूर्वीच्या चारही पत्रांत मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली.

फळी का पळाली, हे तू कधी विचारलं नाहीस. तुमच्या पट्ट्या नुसत्या लाकडाच्या होत्या. माझ्या फळीच्या पोटाला मी लोखंडी धाव ठोकली होती, गाडीच्या चाकाला ठोकतो तीच. आमच्या घरातून लाकूड लोखंडाशिवाय बाहेर पडत नाही. ते झिजू नये एवढंच आम्ही बघतो. वळवलेल्या टोकावरून मी ती वर आणली आणि कड नेहमीसारखी बाहेर काढली, लाकूड फुटू नये म्हणून. तीच कड धनुबाईच्या पायात शिरली. नुसत्या फळीने मुका मार लागला असता.

पण तीही चूक म्हणून सोडता येईल. मिस्तरीची सवय होती. पुढचं तसं सोडता येत नाही.

पहिल्याच खेपेला मला कळलं होतं की ही फळी थांबत नाही. थांबायचा एकच उपाय होता, पाठीवर पडायचं. चारही वेळा मी मुद्दाम पडलो आणि उठताना अशी ऐट केली की जणू मीच ती थांबवली. तू वरून पाहत होतास. अमीन बंधू मला म्हणाले, वाह मिस्तरी. सकाळपासून त्यांनी पहिल्यांदाच भाकरीचं नाव काढलं नव्हतं. फळी घेऊन वर आलो तोच तू पुढे आलास आणि म्हणालास, आण इकडे, तुला ती चालवता येत नाही, मी दाखवतो. फळी माझी, चार दिवस खपून मी केलेली, आणि मला ती चालवता येत नाही.

मी खाली बसून पट्टे तुझ्या मापाचे करून दिले. तुझे बूट माझ्या तोंडासमोर होते. तू विचारलंस, "थांबाडानी कशी?"

मी म्हटलं, थांबस आपोआप.

तू तोंडावर आपटावास, असं मला वाटत होतं. अमीन बंधूंसमोर, एकदाच. खाली कोणी गवत कापतं आहे हे मला माहीत होतं, चौथ्या खेपेला मी तिची पाठ पाहिली होती. ती बरीच डावीकडे होती. तू डावीकडे जाशील असं वाटलं नाही. म्हणजे तसा विचारच मी केला नाही. मी फक्त तुझ्याकडे बघत होतो.

घाटात तू रडत होतास तेव्हा मी म्हटलं, सांग मी होतो म्हणून. तू माझे हात धरलेस. बन्सीकाका म्हणाले, दोस्ती राखली. तीन वर्षं मी ते ऐकून घेतलं. अम्माने तुरुंगात एकाच वाक्यात ते काढून घेतलं, तरी त्याचा अर्थ मी तुला कळवला नाही. तुझा गुन्हा माझ्यावर आहे, हे तुला वाटत राहावं आणि ते तुला खात राहावं, असं मला हवं होतं. कार्डावरचं तुझं हसू पाहून कळलं की ते तुला खातही नाही. मला पत्रं लिहायचा कंटाळा आला तो तेव्हापासून.

गेल्या आठवड्यात मी वर गेलो आणि हे सगळं वाहरूला सांगितलं. जेवढं तुला लिहिलं तेवढंच, कमी नाही. मला वाटलं, आता तरी तो माझा दगड घेईल, आणि तुझी गरजच उरणार नाही. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. तुझ्या हातून ती शेवटची गोष्टही सुटावी आणि तुझ्यावर उपकार झाल्याचं तुला कळूही नये.

वाहरूने विडी संपवली. मग म्हणाला, "मंग दोन दगड लागतीन."

माझा दगड त्याने ठेवून घेतला आहे, खड्ड्याच्या काठावर. खड्ड्यात अजून नाही. दोन्ही एकदम बसवायचे म्हणतो.

तर आता पुढचं. गुरुवारी रंजनाचं लग्न. वाहरू बुधवारी म्हसावदला त्याच्या मेव्हण्याकडे मुक्काम करेल आणि गुरुवारी सकाळी चालत ब्राह्मणपुरीला येईल. बरोबर पाड्यावरचे चार जण आणि त्याचा धाकटा मुलगा, ज्याची सोयरीक अडली आहे तो. मांडवाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडच्या चिंचेखाली ते बसतील. भांडायला येत नाहीत, हे मी विचारून घेतलं आहे. काठ्या आणणार नाहीत, दारू पिऊन येणार नाहीत. वाहरूच्या मांडीवर एक फडकं असेल. त्यात एक दगड आणि तुझा मफलर. तो आत येणार नाही आणि कोणाला काही सांगणार नाही. प्रमिलाकाकी त्यांना पानावर बोलावतील, आणि ते जेवणार नाहीत. तुझी आई मग विचारेल की का जेवत नाहीत.

मी त्यांच्या शेजारी बसणार आहे. मला कोणी विचारलं तर मी खरं सांगणार, आधी माझं, मग तुझं. बन्सीकाका मला तिथून उठवतील असं धरून चालतो. त्यांच्याबरोबर वऱ्हाडातले दोघे-तिघे असतील. मी उठणार नाही. अब्बांनाही हे सांगितलं आहे. ते म्हणाले, डोकं तेवढं सांभाळ.

रंजनाचं लग्न मोडायचं नाही. तिने आपलं काही बिघडवलेलं नाही. म्हणून लग्न लागेपर्यंत मी तोंड उघडणार नाही, वाहरूनेही ते मान्य केलं. वरात निघाली की तू मांडवातून बाहेर यायचं आणि रस्ता ओलांडायचा, वीस पावलं आहेत. आला नाहीस तर ते शुक्रवारीही तिथेच असतील. शनिवारीही. गवत कापून झालंय, वाहरूला आता पावसापर्यंत घाई नाही.

खांब मी पूर्ण केला आहे. काल गाडीने म्हसावदला पोचवला. त्यात एकही खिळा नाही.

जीप तुमचीच लागेल. म्हसावदच्या पुढे रस्ता अजून तसाच आहे आणि शेवटचा घाट पायीच चढावा लागतो. खांब जड आहे. एका टोकाला वाहरूचा मुलगा आणि मी असू. दुसऱ्या टोकाला वाहरू एकटा आहे.

अनीस